दिशा आणि पालीचा अजिंक्य

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात दिशा शिवलकरचं नाव निघालं की बायका आधी आवाज खाली करतात आणि मग मान हलवतात. दिशाला या दोन्हींचा भयंकर वैताग येतो. तिला तेवीस वर्षं झालीत, ती बी.कॉम. झालीय, आईच्या जागी बंदरावर उभी राहून मासळीचा लिलाव पुकारते, आणि तिचा आवाज असा की जेटीच्या त्या टोकाला जाळं सांधत बसलेला माणूसही दचकून वर बघतो. अशा पोरीला लोकांनी 'बिचारी' म्हणावं? पण म्हणतात. एकदा एका गिऱ्हाईक बाईनं कोळंबीचा भाव पाडण्याआधी तिच्या गालावरून हात फिरवला आणि डोळे भरून म्हणाली, "भोगलंस गो पोरी." दिशानं तिला शिळ्या झालेल्या कोळंबीचा क्रेट दिला.

भोगलं ते खोटं नाही. पण लोक सांगतात तसं ते नव्हतं. लोकांच्या गोष्टीत अजिंक्य हा देवमाणूस असतो आणि दिशा रडत दाराशी उभी असते. खरी दिशा त्या सगळ्या काळात बहुतेक वेळ चिडलेली होती.

तेव्हा ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. वडील काशीराम एका ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे होडी हाकणारे. आई तुळसा बंदरावर लिलाव करणारी. सकाळी आईला हातभार लावायचा आणि तिथूनच कॉलेजला पळायचं, असा दिशाचा क्रम. त्या वर्षी बर्फाच्या कारखान्याच्या गाडीवर नवा ड्रायव्हर आला. पालीकडच्या एका वाडीतला, शेतकऱ्याचा मुलगा, अजिंक्य धनावडे. बाप मुंबईला एका सोसायटीत वॉचमन, घरी आई आणि धाकटा भाऊ. उंच, किडकिडीत, आणि चेहरा असा की कुणीतरी आत्ताच झोपेतून उठवलंय.

पहिल्याच आठवड्यात त्यानं बर्फ फोडायच्या यंत्राचं तोंड भलतीकडे वळवलं आणि चुरा झालेला बर्फ होडीत जायच्या ऐवजी दिशाच्या डोक्यावर, खांद्यावर आणि कॉलेजच्या बॅगेत पडला. ती गारठून उभी. पठ्ठ्या गाडीतून उतरला, सरळ तुळसाकडे गेला आणि म्हणाला, "मावशी, सॉरी हां." दिशाकडे त्यानं बघितलंही नाही. आठवडा उलटून गेल्यावर एक दिवस तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला, बराच वेळ उभा राहिला, आणि विचारलं, "बॅग सुकली का?"

दिशाला हसावं की त्याला पाण्यात ढकलावं ते कळेना. तिथूनच सुरुवात झाली म्हणायची.

अजिंक्यचं सगळंच असं उशिराचं. काही विचारलं की उत्तर दुसऱ्या दिवशी. गाडीचा आरसा तुटला होता, तो उद्या बसवायचा. मोबाईलची काच तडकली होती, तीही उद्या. मासे ओळखायला शिकवायचा दिशानं जंग जंग पछाडून प्रयत्न केला. त्याला बांगडा तेवढा कळे, बाकी सगळे 'मासे'. काटेरी मासा समोर आला की ताटाकडे बघत बसायचा. पण तिला आवडायला लागला होता, आणि त्याचाही तिला रागच येत होता. कॉलेजात नीट बोलणारी, वेळेवर येणारी मुलं काय कमी होती?

तरी काही गोष्टी होत्या. एकदा वादळाचा इशारा आला आणि काशीरामची होडी सोडून सगळ्या परतल्या. फोन लागत नव्हता. तुळसा सकाळपासून जेटीवर बसून, कुणी बोलायला गेलं तर अंगावर येत होती. अजिंक्य गाडी बाजूला लावून तिच्यापासून थोड्या अंतरावर येऊन बसला. 'सगळं ठीक होईल' म्हणाला नाही. मध्येच उठून चहा आणला, तिच्याजवळ ठेवला, परत आपल्या जागी. संध्याकाळी होडी जयगडच्या खाडीत सुखरूप असल्याचा निरोप आला तेव्हा तुळसानं गार झालेला तो चहा पिऊन टाकला. त्या दिवसापासून ती त्याला 'तो बर्फवाला' म्हणायचं सोडून 'अजिंक्य' म्हणायला लागली. अर्थात जावई करून घेण्याइतकं मन तिचं वळलं नव्हतं.

आणि एकदा दिशाच्या कोपराला मासळीचं खवलं चिकटलं होतं, ते त्यानं नखानं हलकेच काढलं. कुठे टाकावं हे न सुचून खिशात ठेवलं. तिच्या अंगाला त्याचा पहिला स्पर्श तो.

पुढचं तो बोलेना. वाट बघून बघून दिशाच कंटाळली. मांडवीच्या जेटीवर एका संध्याकाळी तिनं त्याला स्पष्टच विचारलं, "मी आवडते का तुला? हो की नाही तेवढं सांग. मला घरी जायचंय."

अजिंक्यनं समुद्राकडे बघितलं, मग चपलांकडे. "हो," तो म्हणाला. "मी उद्या सांगणारच होतो."

नंतरचं दीड वर्ष दिशाच्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं आणि सगळ्यात डोकेदुखीचं. गाडीच्या केबिनमध्ये बसून भाट्याच्या पुलापर्यंत जायचं, सुरूच्या झाडांखाली उभं राहून शहाळं प्यायचं, आणि तो अर्धा तास उशिरा आला म्हणून उरलेला अर्धा तास भांडायचं. तो भांडत नसे. ऐकून घेई आणि शेवटी म्हणे, "तू बोलताना नाक लाल होतं तुझं." मग काय भांडणार?

बंदरावर गोष्ट लपत नाही. तुळसाला कळलं तेव्हा तिनं आरडाओरडा केला नाही. बांगडे साफ करता करता एवढंच म्हणाली की दर्याकाठची पोर डोंगरात जाऊन शेणी थापणार, ती काय सहा महिने टिकायची नाही. शिवाय तो आपल्यातला नाही, हेही होतंच. काशीराम म्हणाले, त्याच्या घरची माणसं येऊ देत, समोरासमोर बोलू. एवढ्यावरच अडलं. कारण त्याच्या घरची माणसं यायची तर त्यानं आधी घरी सांगायला हवं.

आणि तो सांगेना. शिमगा होऊ दे म्हणाला. शिमगा झाला. आंब्याचं उरकू दे. आंबे संपले. मग बाबा मुंबईहून येऊ देत. बाबा आले नि गेले. दिशानं एकदा चिडून त्याचा फोन हिसकावला आणि त्याच्या आईचा नंबर लावायला निघाली, तेव्हा या पठ्ठ्यानं शांतपणे सांगितलं की आईच्या कंपनीच्या सिमला वाडीत रेंज नाही, माळावर जावं लागतं.

जूनमध्ये मासेमारी बंद झाली, होड्या काठावर चढल्या, बर्फाला गिऱ्हाईक उरलं नाही. अजिंक्य भातलावणीला घरी गेला. फोनवर म्हणाला, लावणी झाली की नक्की. तेव्हा दिशाच्या डोक्याची शीरच तडकली. दुसऱ्या दिवशी तिनं आईला मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगितलं, पालीची एस.टी. धरली आणि पुढे रिक्षा करून वाडीत जाऊन उतरली. हातात सुक्या बांगड्यांची पिशवी. मोकळ्या हातानं कसं जायचं?

घर सापडलं, पण घरात कुणी नव्हतं. शेजारच्या म्हातारीनं खालच्या मळ्याकडे बोट दाखवलं. तिथे गुडघाभर चिखलात, डोक्यावर प्लास्टिक पांघरून एक बाई भाताच्या रोपांच्या जुड्या सोडत होती. तिनं दिशाला नखशिखांत न्याहाळलं.

"तूच ना ती? मिरकरवाड्याची?"

दिशानं मान हलवली. पाठ करून आणलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं.

"वर्ष झालं मी वाट बघतंय, हा मेला कधी सांगतोय," अजिंक्यची आई गंगाकाकी म्हणाली. "सगळ्या पालीला ठावं हाय. इचारलं तर म्हणतो, उद्या सांगतंय." मग पदर खोचत म्हणाली, "चपला काढ आणि ये. उभी राहून काय करतंस?"

म्हणजे दोघी एकाच माणसानं पिडलेल्या. दिशा चिखलात उतरली. तिची ओळ वाकडी येत होती, रोपं पाण्यावर तरंगत होती, गंगाकाकी मागून येऊन पुन्हा नीट लावत होती, आणि दोघी मिळून अजिंक्यबद्दल तक्रारी करत होत्या. तो वरच्या बांधावरून नांगरणीचा टिलर घेऊन आला, दोघींना शेजारी शेजारी वाकलेलं बघितलं आणि जागच्या जागी थिजला. त्याच्या पायाला कोयत्याचा काप गेला होता, वर चिंधी बांधलेली. बूट का घातले नाहीस म्हणून दिशानं विचारलं, तर बूट फाटलेत, उद्या आणतो. गंगाकाकीनं दिशाकडे बघितलं. दिशानं गंगाकाकीकडे.

दुपारी कुळथाची पिठी नि भात, वर दिशाचेच बांगडे भाजून. निघताना गंगाकाकी म्हणाली की नारळी पौर्णिमेला येते, तुझ्या आईबापाशी बोलते, याच्या भरवशावर राहिलो तर तू म्हातारी होशील. अजिंक्य रस्त्यापर्यंत सोडायला आला. एस.टी. येईपर्यंत तो दिशाच्या पायावरचा वाळलेला चिखल बघत होता आणि हसत होता. "छान लावतेस," म्हणाला. ते खोटं होतं. पण त्याच्या तोंडून वेळेवर निघालेलं ते पहिलं वाक्य, म्हणून तिनं चालवून घेतलं.

आठवडाभरानं त्याला ताप आला. फोनवर म्हणाला, भिजलोय, गोळी घेतलीय. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखतात म्हणाला. दिशानं डॉक्टरकडे जा म्हणून सांगितलं. शेवटचा कुणगा, एवढासा शेताचा तुकडा राहिलाय, तेवढा लावला की उद्या जातो. तिनं त्याला झापलं, फोन ठेवून दिला, पुन्हा लावला, पुन्हा झापलं. गंगाकाकीही घरात तेच करत होती. आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी लावणीच्या आधी वाडीभर ताप येऊ नये म्हणून गोळ्या वाटल्या होत्या, त्याही त्यानं फळीवर ठेवून दिल्या होत्या, हे नंतर कळलं.

त्याला रत्नागिरीला आणलं तेव्हा डोळे पिवळे झाले होते. शेतातल्या पाण्यातून, उंदरांमुळे लागणारा ताप. डॉक्टर लेप्टो म्हणाले. किडन्यांवर गेला होता. दिशा पोचली तेव्हा बाहेर बाकावर गंगाकाकी आणि धाकटा विनीत बसले होते. आत सोडलं. अजिंक्यचे ओठ सुकले होते, पण चेहऱ्यावर तोच उठवल्यासारखा भाव.

"उद्या सोडतील," तो म्हणाला.

"गप्प बस," दिशा म्हणाली. "एक शब्द बोलू नकोस. बरा झालास की तुझ्याशी महिनाभर बोलणार नाही मी."

तो हसला. नाक लाल झालंय, असं सांगायला त्यानं बोट उचललं, तेही अर्ध्यातच राहिलं. त्याच दिवशी त्याला कोल्हापूरला हलवलं. तिथे तो गेला. सगळ्यांना भीती दर्याची. मिरकरवाड्याशी नाव जोडलेला पोरगा गेला तो मात्र भाताच्या खाचरातून.

पुढचे दिवस दिशाला नीट आठवत नाहीत. आठवतो तो राग. ती घरातल्या घरात भांडी आपटायची, आणि मनातल्या मनात त्याच्याशी अखंड भांडण चालू. लोक येत, तिला मांडीवर घ्यायला बघत. कुणी म्हणे, रडून घे. कुणी म्हणे, आता रडू नको. एक बाई म्हणाली, बरं झालं लग्नाआधीच गेला. त्या बाईला तुळसानं हाताला धरून उंबऱ्याबाहेर काढलं. पण रडायचा हक्क म्हणून दिशाकडे काहीच नव्हतं. ती बायको नव्हती, बहीण नव्हती, साखरपुडासुद्धा झाला नव्हता. कॉलेजात रजेचं कारण काय सांगणार? बर्फाच्या गाडीवरचा ड्रायव्हर वारला?

बाराव्याच्या कार्याला जाऊ नको, असं काशीराम म्हणाले. ती गेली. तुळसाही पाठोपाठ निघाली. अंगणात पुरुष बसले होते, ओटीवर बायका. दिशा कोपऱ्यात उभी राहिली. कुणा आत्याबाईनं ही कोण म्हणून विचारलं आणि सगळ्या वळल्या. गंगाकाकी आतून आली, तिचे डोळे सुजून बारीक झाले होते. तिनं दिशाचा दंड धरून तिला आपल्या शेजारी बसवलं आणि आत्याबाईला म्हणाली, "आमच्या अजिंक्यची." तिथे दिशा पहिल्यांदा रडली, आणि अशी रडली की तुळसाला तिला उचलून न्यावं लागलं.

गोष्ट इथे संपली असती तर लोकांच्या आवडीची झाली असती. पण दुःख झालं तरी माणसं आपापल्या वळणावर जातातच. गंगाकाकी रोज फोन करायला लागली. त्यासाठी माळावर चढून जायची. कधी रडायची, कधी अजिंक्य लहानपणी फणसावरून कसा पडला ते सांगायची, तेच तेच सांगायची. दिशा लिलावात असली तरी फोन वाजायचा. उचलला नाही तर काकी विनीतच्या फोनवरून करायची. गणपतीला ये, नवरात्रात ये, तुझ्या हाताचं कालवण खावंसं वाटतंय. दिशा जायची. जायला पाय उचलत नसे आणि गेल्यावर तिथेच राहावंसं वाटायचं. दोन्हीचा तिला सारखाच वैताग.

दिवाळीनंतर एकदा ती गेली, तर काकीनं जेवण वाढता वाढता खाली मान घालून सांगितलं की भावकीतल्या लोकांचं एक म्हणणं आहे. विनीत काही लांबचा नाही. तुझ्यापेक्षा वर्षभरानं लहान, पण तेवढं चालतं. घरातली घरात राहशील. विनीत बिचारा समोरच बसला होता. त्याचा घास हातातच राहिला, कान लालभडक झाले.

दिशानं ताट सरकवलं. तिचा आवाज वाडीभर गेला असेल. "काकी, मी काय तुमच्या घरचं भांडं आहे, या फळीवरून त्या फळीवर ठेवायला?"

ती उठून चालू लागली. रिक्षा मिळाली नाही, पालीपर्यंत रस्ताभर चालत गेली. राग काकीचा आलाच होता, पण त्याहून जास्त तिला स्वतःवर येत होता, कारण क्षणभर, अगदी क्षणभर, त्या घरात राहायला मिळेल या विचारानं तिला बरं वाटलं होतं.

मग बरेच महिने फोन नाही, जाणं नाही. त्या उन्हाळ्यात तुळसाचे गुडघे गेले आणि लिलावाचं काम दिशाच्या अंगावर आलं. शेवटच्या वर्षाची परीक्षा, बंदर, घर. व्यापाऱ्यांना वाटलं पोर आहे, गुंडाळू. वर्षभरात त्यांची ती हौस फिटली. तिला स्थळं यायला लागली. एक मुलगा बुरोंडीचा, दर्शन नावाचा, स्वतःच्या होडीचा मालक. बघायला आला आणि झालं ते सगळं माहीत आहे, माझी काही हरकत नाही, असं मोठ्या मनानं म्हणाला. हरकत घ्यायला तुला विचारलंय कुणी, असं दिशाच्या ओठांवर आलं होतं. तिनं कांदेपोह्यांची बशी पुढे केली आणि आत गेली. तुळसानं कपाळावर हात मारला. पण पुन्हा तो विषय काढला नाही.

गंगाकाकी शेवटी स्वतःच आली. न कळवता, एस.टी.नं, भर लिलावाच्या वेळी. माशांच्या वासानं नाकाला पदर लावून ती क्रेटांच्या मध्ये उभी होती आणि येणारा जाणारा तिला धक्के देत होता. दिशानं तिला बघितलं, पुकारणं मध्येच तोडलं नाही, सगळा सौंदाळा विकून झाला तेव्हा हात धुऊन गेली.

"चुकलं माजं," काकी म्हणाली. "तू हातातून जाशील म्हणून भ्यालंय. तू गेलीस की त्याच्याबद्दल बोलायला मला कोन हाय? विनीतचा बाप तर त्याचं नावसुदिक काढीत नाय."

"बोलायला येईन मी," दिशा म्हणाली. "रोज फोन नको पण. रविवारी करा. लिलाव नसतो तेव्हा."

काकीनं मान हलवली. मग दोघी दिशाच्या घरी गेल्या. तुळसानं भाकऱ्या टाकल्या. नारळी पौर्णिमेला होणार होती ती भेट अशी झाली, मागणी घालायला आलेली आई नि मुलीची आई समोरासमोर, आणि घालायला मागणी नाही. पहिल्यांदा दोघी अवघडल्या. मग तुळसानं बर्फाच्या चुऱ्याची गोष्ट काढली, काकीला ती ठाऊकच नव्हती. काकी हसता हसता रडायला लागली, आणि दिशा उठून चुलीपाशी गेली, कारण आता या दोघींना कोण आवरणार.

या वैशाखात विनीतचं लग्न झालं. मुलगी लांज्याची, दीपाली, चटपटीत. विनीतला तिनं चार दिवसांत सरळ केलंय. दिशाला आदल्या दिवसापासून जावं लागलं. कामं तिच्यावर अशी लादली जणू घरचीच: आचाऱ्याशी हुज्जत तिनं घालायची, मंडपवाल्याला दम तिनं द्यायचा, हरवलेली मुंडावळ तिनं शोधायची. पाहुण्याबायका तिच्याकडे बोट दाखवून कुजबुजत होत्या. मध्येच एकीनं तिचा हात हातात घेऊन डोळे पुसायला सुरुवात केली. दिशानं तिच्या हातात पानसुपारीचं तबक दिलं आणि बाहेर वाटायला पाठवलं.

अक्षता पडल्या तेव्हा तिला अजिंक्यची आठवण आली. ती येणारच होती. तो असता तर मुहूर्त टळून गेल्यावर आला असता, शर्टाचं बटण तुटलेलं. ती पंगतीकडे वळली, कारण वाढप्यांनी मठ्ठा आधी आणला होता.

जेवायला ती आणि काकी सगळ्यात शेवटी बसल्या. काकी थकली होती, नऊवारीचा काठ धुळीनं भरला होता. तिनं दिशाच्या पानात जिलबी वाढली, नको म्हणत असताना आणखी एक वाढली. तेवढ्यात तुळसाचा फोन आला: दोन होड्या लागल्यात, बांगडा भरून आलाय, व्यापारी उभे आहेत, तू कुठे मेलीस? दिशानं जिलबी तोंडात कोंबली, साडी वर खोचली आणि एस.टी. गाठायला रस्त्याकडे निघाली.